बॉयलर कोणी घेतला

ता. ११ ऑक्टोबर

तीर्थरूप सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

त्या सकाळी मी घरी गेलो नाही, एवढाच माझा गुन्हा. फोनवर तुला नीट सांगता आलं नाही, कारण तू अर्धं ऐकतेस आणि दुप्पट बोलतेस. म्हणून सगळं लिहितो. भावोजींना वाचून दाखव, म्हणजे मधे थांबून शिव्या घालायला तुला सोबत होईल.

रात्रपाळी संपली. मी तोंड धुतलं, देवाचं नाव घेतलं आणि बदली माणसाची वाट बघत बॉयलरपाशी उभा राहिलो. आमच्याकडे थोरल्या मालकांच्या काळापासून एक पद्धत आहे. येणारा माणूस आधी पाण्याची काच बघतो, आत पाणी किती आहे याची स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करतो आणि मग मोठ्याने म्हणतो, घेतला. तो शब्द कानावर पडेपर्यंत जाणाऱ्याने जागा सोडायची नाही, मग घरी काही का होईना. बॉयलर म्हणजे शेवटी कोंडलेली वाफ. पाणी उतरलं आणि कोणाचं लक्ष नसलं, तर ती भिंतीबिंती काही जुमानत नाही.

धाकटे मालक आल्यापासून माणसं कमी करायचा सपाटा चालू आहे. सकाळच्या मिस्त्रीला पॅकिंगच्या यंत्रांवर पाठवलं आणि त्याच्या जागी मालकांचे मेहुणे स्वतः बॉयलर बघतील असं ठरलं. यांना कारखान्यात सगळे अत्तर म्हणतात, कारण यांच्या आधी यांचा वास येतो. त्या दिवशीही तो आधी आला. मग हे आले, दारातच थांबले. कानाला फोन. कोंबड्या हाकलाव्यात तशी बोटं हलवून त्यांनी मला जायची खूण केली आणि मी काही बोलायच्या आत पाठ फिरवून निघून गेले. काच बघितली नाही, घेतला म्हटलं नाही. मी उभा राहिलो. दुपारी मिस्त्रीला कळलं तेव्हा तो धावत आला, त्याने काच बघितली, घेतला म्हणाला, आणि मी घरी गेलो.

फाटकावर आता बोट टेकवायचं यंत्र आहे. त्याने मी उशिरा निघाल्याचं वर कळवलं. दुसऱ्या दिवशी पत्र हातात. साहेबांनी ताबा घेतलेला असताना हुकूम मोडून, परवानगीशिवाय, जादा पगाराच्या लोभाने आवारात थांबलो म्हणे.

मग चौकशी झाली. मी स्वतः तिथे होतो, तरी ती झाल्यासारखी वाटली नाही. वरच्या मजल्यावरची गार खोली, चकचकीत टेबल, बशीत बिस्किटं. चौकशी करणारे गृहस्थ कंपनीनेच पैसे देऊन आणलेले. त्यांनी विचारलं की जा म्हटल्यावर का गेला नाहीत. मी म्हटलं, साहेबांनी घेतला म्हटलं नाही. टेबलाभोवतीचे सगळे हसले. गृहस्थांनी बिस्कीट चहात बुडवलं आणि हे कुठे लिहिलेलं आहे का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. तेवढ्यात बिस्कीट तुटून चहात पडलं. ते चमच्याने काढायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढाही माझ्या बावीस वर्षांवर गेला नाही. मला काढून टाकलं.

राग आला का, असं तू विचारशील. राग आला असता तर बरं झालं असतं. प्रार्थनेला बसलो की तो चहात बिस्कीट बुडवणारा चेहरा समोर येतो आणि मन विटतं. हे चांगलं नाही, हे मला कळतं.

हिचा खुबा फार दुखतो. ऑपरेशनची तारीख जवळ आली आहे, तेवढाच काय तो धीर. भावोजींना नमस्कार.

तुझ्या शिव्यांची वाट बघणारा,
तुझा धाकटा भाऊ


ता. १७ ऑक्टोबर

चि. बुवा यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं. तुझे भावोजी दोनदा पाणी प्यायले, मी काही प्यायले नाही, मी बोलत होते. लहानपणी सगळी पोरं आंबट चिंचा चोरायला जात आणि तू झाडाखाली हात जोडून उभा राहायचास, म्हणून तुला बुवा नाव ठेवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे तेव्हाच कोणीतरी सांगायला हवं होतं, म्हणजे तू पण चार चिंचा खाल्ल्या असत्यास.

हे कुठे लिहिलंय का, असं विचारतो तो बिस्कीटबुडव्या. शिंक आली की तोंड फिरवावं, हे कुठे लिहिलंय? मूल कडेवर असलं तर दुसऱ्याने नीट धरल्याशिवाय हात सोडू नये, हे कुठल्या कायद्यात आहे? त्याच्या आईने हे न वाचताच त्याला वाढवलं ना? की एकदा पाडलंच होतं, आणि त्याचे हे परिणाम?

तुझे धाकटे मालक म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा, आणि तो मेहुणा त्या नागोबाची अत्तर लावलेली शेपटी. असल्यांच्या बॉयलरपाशी तू बावीस वर्षं शेकत बसलास, आता निदान त्यांच्यासाठी मनाला टोचणी लावून घेऊ नकोस. विटलं मन तर विटू दे. नासलेल्या दुधाला नासकं म्हटलं तर देव रागावत नाही.

कोर्टात जा. भावोजींच्या ओळखीचे एक वकील आहेत, त्यांचा पत्ता मागे लिहिला आहे. आणि माझ्या भावजयीला सांग, ऑपरेशन झालं की मी येते. ती अंथरुणावर असताना तुझ्या हातचं जेवली, तर खुबा बरा होऊन पोट बिघडायचं.

खमकी राहून तुला खमकं करू पाहणारी,
अक्का


ता. ६ नोव्हेंबर

तीर्थरूप सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

वकील भेटले, दावा घातला. माणूस बरा आहे. कोटाला एक बटण नाही, आणि बोलताना नेमका तिथेच हात ठेवतो. माझं ऐकून तो पहिल्यांदा हसला, पण माझ्याकडे बघून नाही. कंपनीचं पत्र पुढ्यात धरून हसला. म्हणाला, साहेबांनी ताबा घेतला होता असं यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. आणि फाटकावरच्या यंत्राने साहेब त्याच वेळी बाहेर गेल्याची नोंद ठेवली आहे. यंत्राने मला पकडलं, तसंच त्यांनाही पकडलं. मालकाचा मेहुणा कोण, हे त्या बिचाऱ्याला शिकवायचं राहून गेलं.

मलाही हसू आलं असतं, पण त्याच आठवड्यात हिचं ऑपरेशन व्हायचं होतं. आमच्या करारात आहे, वीस वर्षं पुरी केलेल्याच्या आणि त्याच्या बायकोच्या शस्त्रक्रियेचा खर्च कंपनीकडे. थोरल्या मालकांनी ते कलम स्वतः घातलं होतं. मी वीस वर्षं कधीच ओलांडली, आणि तेव्हा तर अत्तर या कारखान्यात आलेही नव्हते. म्हणून मी निश्चिंत होतो.

ही पहाटेपासून उपाशी. पिशवी भरलेली, वेणी घट्ट घातलेली. हॉस्पिटलच्या खिडकीत मी नाव सांगितलं. आतल्या बाईंनी कुठेतरी फोन केला, मग खाली मान घालून म्हणाल्या की कंपनीचं म्हणणं आहे, हा माणूस आमचा नाही. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसलं. ही बाकावर बसली, पिशवीतला ब्रेडचा पुडा काढला आणि खायला लागली. भूक लागली होती म्हणाली. चार घास खाऊन मला विचारलं की वेणी सोडू का, फार ओढली जाते.

अक्का, मी आयुष्यात कोणाचं वाईट चिंतलं नाही. त्या बाकावर बसून मात्र मी चिंतलं. ते फोनवर बोलणारे लोक मरावेत असं नाही. ते माझ्या मनातून मेले. रस्त्यात पडलेल्या सालीला आपण शिव्या देत नाही, वळसा घालून जातो. आता माझ्या लेखी ते तसे आहेत.

तूर्त यायची घाई करू नकोस. भावोजींची तब्येत सांभाळ.

आहे तसाच तुझा,
बुवा


ता. १२ डिसेंबर

तीर्थरूप सौ. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या भावाला न सांगता लिहिते आहे. ते वकिलाकडे गेले आहेत.

काल अत्तर घरी आला होता. कंपनीचं क्वार्टर अजून काढून घेतलं नाही, म्हणून हक्काने आल्यासारखा आला. खुर्चीवर बसायच्या आधी त्याने खिशातून रुमाल काढून तिच्यावर पसरला. वन्सं, ती खुर्ची मी सकाळीच, कडेला धरून धरून, पुसली होती. पाणी दिलं तर पेल्याच्या काठाकडे बघत राहिला आणि तसाच ठेवून दिला. मला मावशी मावशी म्हणत होता. याची मावशी व्हायचं तर मला आधी माझी अक्कल गहाण टाकावी लागेल.

कागद घेऊन आला होता. कोर्टात दावा गेल्यावर सरकारचा बॉयलर तपासणारा अधिकारी येऊन गेला म्हणे, आणि त्या सकाळी बॉयलर कोणी घेतला होता, हे विचारून गेला. आता यांचं धाबं दणाणलंय. तेव्हा तुमच्या भावाने लिहून द्यायचं की मी पाळीत झोपलो होतो, उठायला उशीर झाला म्हणून थांबलो, ताबा साहेबांनी वेळेवर घेतला होता. तेवढ्याच्या बदल्यात माझं ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात, आणि यांना काढलं असं न म्हणता यांनी राजीनामा दिला असं म्हणायचं. नाहीतर कोर्टात वर्षं जातील, मावशी, असं पायाकडे बघत म्हणाला. माझ्या पायाकडे.

तुमच्या भावाने पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, मी झोपलो नव्हतो. बस. तो गेल्यावर मी खिडक्या उघडल्या.

आता खरं सांगते. तो माणूस माझ्या लेखी पायपुसण्याच्या लायकीचा नाही, पण मला वाटतं यांनी सही करावी. मला चालायचं आहे. हे रोज सकाळी मांडी घालून प्रार्थनेला बसतात आणि सहज उठतात. मी भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जाते. पॅकिंगमधल्या दोघीजणी कामावरून येताना डोकावतात, माझी वेणी घालून देतात, कारण हात वर करून फार वेळ उभं राहवत नाही. खरं बोलतात तुमचे भाऊ आणि लंगडते मी.

यांना तुम्ही समजवा. माझं ऐकतात, पण ऐकून दुःखी होतात, आणि मग मलाच त्यांची समजूत घालावी लागते.

आपली,
भावजय


ता. २० डिसेंबर

चि. बुवा यास,
अनेक आशीर्वाद.

सही कर.

मीच तुला कोर्टात जा म्हटलं होतं, आठवतंय. मी तेव्हा माणसांशी भांडण आहे असं समजत होते. तिने मला पत्र लिहिलं आहे. तिच्यावर रागावलास तर मी तिथे येऊन तुझा कान धरीन, पन्नाशी आली म्हणून सोडणार नाही.

खरं बोलावं ते माणसांशी. दारात भुंकणाऱ्या कुत्र्याला आपण घरात किती माणसं आहेत ते खरं सांगत बसतो का? रुमाल अंथरून बसणाऱ्या त्या बाटलीशी तुझं कसलं सत्य? त्यांच्या कागदाची किंमत त्यांनी बिस्कीट ठेवलेल्या बशीएवढीही नाही. तिथे झोपलो लिही, दारू प्यालो लिही, चंद्रावर गेलो होतो लिही. तुला ओळखणारं एक माणूस ते खरं मानणार नाही, आणि जे मानतील त्यांच्या मताला विचारतंय कोण? तुच्छ माणसांपुढे सच्चेपणाचा हट्ट धरणं म्हणजे त्यांना उगाच मोठं करणं.

देवाचं म्हणशील तर देवाला त्या सकाळचं सगळं ठाऊक आहे. त्याला तुझ्या सहीची गरज नाही. तिला मात्र खुब्याची आहे.

भावोजी म्हणतात, बुवाला घाई करू नकोस. त्यांना काय जातं म्हणायला, त्यांचे दोन्ही खुबे शाबूत आहेत.

यापेक्षा जास्त बोलता येत नाही म्हणून थांबणारी,
अक्का


ता. १५ जानेवारी

तीर्थरूप सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी पुष्कळदा वाचलं. हिला रागावलो नाही. उलट तिला शब्द दिला की सही करतो. तारीख कालची होती.

तुझं म्हणणं मला पटलं होतं हे कबूल करतो. सालीला वळसा घालतो, तसा कागदाला वळसा घालायचा, एवढंच. एकदा हा विचार मनात बसला की झोपही बरी लागली. प्रार्थनेतसुद्धा तो चेहरा येईना. मला वाटलं, सुटलो.

मग परवा मिस्त्री भेटला. भाजीच्या दुकानापाशी. सहज विचारलं, सकाळी आता कोण बघतं. तो म्हणाला, भोंगा झाला की रात्रीचा निघून जातो, थांबला तर तुमच्यासारखं व्हायचं. मी विचारलं, मग काच कोण बघतं. तो म्हणाला, बघतो कोणीतरी, आणि कांदे निवडायला लागला. अक्का, मिस्त्री हलका माणूस नाही. मला काढल्यावर सगळे शहाणे झाले, एवढंच. बॉयलरच्या भिंतीला लागूनच पॅकिंगची शेड आहे. तिथे बायका बसतात, हिची वेणी घालणाऱ्या दोघी त्याच भिंतीला पाठ टेकून बसतात. मी झोपलो होतो असं लिहून दिलं की ताबा वेळेवर घेतला गेला असं ठरतं, सरकारी अधिकारी फाइल मिटतो, आणि त्या भिंतीआड काच बघायला तो मिस्त्रीचा कोणीतरीच उरतो.

हे मी हिला सांगितलं. ती भिंत धरून उठली. मग म्हणाली, शब्द दिलाय तुम्ही. मी म्हटलं, हो.

कोर्टाच्या इमारतीत लिफ्ट बंद होती. ही हट्टाने आली होती, मी शेवटच्या क्षणी बुवा होईन अशी तिला धास्ती. एकेका पायरीवर बसत बसत ती वर चढली. मधल्या वळणावर अत्तर आणि कंपनीचे वकील आम्हाला ओलांडून वर गेले. वास बराच वेळ जिन्यात राहिला. ही नाकाला पदर लावून म्हणाली, एवढं लावतो म्हणजे आत काहीतरी नक्कीच सडलंय. मला हसू आलं. तिलाही आलं, आणि हसताना खुबा दुखला म्हणून तिने मलाच चिमटा काढला.

आत न्यायाधीश बाई होत्या. वयाने तुझ्याएवढ्या असतील. कंपनीच्या वकिलांनी तडजोडीचा कागद पुढे केला आणि सगळं कसं सामंजस्याने मिटलं यावर गोड भाषण केलं. थोरल्या मालकांचं नावही त्यात दोनदा घेतलं. अत्तर मागे बसून फोन बघत होते. बाईंनी कागद स्वतः वाचला, शेवटपर्यंत. या सगळ्या प्रकरणात काही तरी पूर्ण वाचणारं ते पहिलंच माणूस. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि समजावून सांगितलं की सही केली नाही तर उपचाराचा मुद्दा वेगळा ऐकता येईल, पण त्याची तारीख लगेच मिळणार नाही, आणि निकाल काय लागेल ते आज सांगता येणार नाही. हे समजलं का, असं विचारलं. मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, तुम्ही हे वाचलं आहे, आणि हे खरं आहे?

तू म्हणतेस खरं बोलावं ते माणसांशी. समोर माणूस होतं, अक्का. तिथे तुझी युक्ती चालेना. आणि कागदाकडे बघितलं तर त्यात त्या तुच्छ लोकांबद्दल काहीच नव्हतं. त्यात मी होतो, झोपलेला, आणि ती भिंत होती. त्यांची किंमत शून्य आहे म्हणून मी काहीही लिहून देईन, असं म्हणता म्हणता मी त्या दोघींच्या पाठीही शून्यात धरल्या होत्या. तेच तर अत्तरांनी दारातून बोटं हलवून केलं होतं. आणि मी त्यांच्याकडे नाक मुरडून बघत होतो.

वकिलांनी पेन पुढे धरलं होतं. मी मागे वळून हिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली नाही, होही नाही आणि नाहीही नाही. नुसती बघत राहिली, बाकाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून.

मी बाईंना सांगितलं की मी झोपलो नव्हतो. बॉयलर कोणी घेतलाच नव्हता, म्हणून मी थांबलो. आणि आजही तो सकाळी कोणी घेत नाही, हे लिहून घ्या. कागद उलटा करून मी कंपनीच्या वकिलांपुढे सरकवला आणि पेन त्याच्यावर ठेवलं. अत्तरांनी पहिल्यांदा फोनवरून मान वर केली. बाईंनी माझं बोलणं जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं.

बाहेर आल्यावर ही जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. खाली बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, माझ्या पायावर उभे राहून खरं बोललात, आता वाका. मी वाकलो. तिला पाठीवर घेऊन तो सगळा जिना उतरलो. लोक बाजूला होत होते. सही केली नाही.

तू रागावशील, ते मान्य करून,
तुझा भाऊ